अभिनंदन! आपल्या पाल्याची निवड झाली आहे

मंडळी, गेल्या वर्षी स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा "ऑफिसात प्रोजेक्ट अगदी शेवटच्या टप्प्यात आलाय हो" अशी सबब सांगून मी सुटलो होतो. यंदा मात्र मीच आपणहून फोन केला. लिहायला विषय मिळाला होता, आणि तो मिळवायला मला एकशे दहा डॉलर पडले होते. ते वसूल करायला स्मरणिकेइतकी चांगली जागा दुसरी कुठली?

गोष्ट आमच्या कन्येच्या कवितेची. ती तेव्हा चौथीत होती. एका संध्याकाळी तिच्या दप्तरातून, अर्धवट खाल्लेलं सफरचंद आणि चुरगाळलेली टोपी यांच्या खालून, एक पांढरं पाकीट निघालं. आत जाड, गुळगुळीत कागदावर पत्र. आपल्या पाल्याने शाळेमार्फत राष्ट्रीय लेखनस्पर्धेसाठी पाठवलेली कविता प्रकाशनासाठी निवडली गेली आहे, हा मोठा बहुमान आहे, हे पुस्तक कॅनबेराच्या नॅशनल लायब्ररीत जतन केलं जाणार आहे, वगैरे वगैरे. सोबत सही करायचा परवानगीचा कागद. आणि त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात पुस्तकाची मागणी नोंदवायचा तक्ता. एक प्रत, दोन प्रती, तीन प्रती. तीन घेतल्या तर थोडी सवलत. शेवटची तारीख ठळक अक्षरात.

आता खरं सांगतो, ते पत्र वाचताना माझा कंठ दाटून आला होता. मी सांगलीला इंजिनियरिंग करून २००४ साली मास्टर्ससाठी मेलबर्नला आलो. सुरुवातीची दोन वर्षं माझं इंग्रजी ऐकून समोरचा माणूस "सॉरी?" म्हणायचा. आणि माझ्या मुलीची इंग्रजी कविता या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात! बायको म्हणाली, "एक घेऊ या की." मी म्हटलं, "एक? अण्णांना एक नको? तुझ्या आईला नको?" तीन प्रतींवर खूण केली, क्रेडिट कार्डाचा नंबर लिहिला आणि पत्राचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंत टाळ्या पडल्या. मावशीने तर "आता पुढचं नोबेल" असंही लिहिलं.

शनिवारी मुलांना मराठी शाळेत सोडून आम्ही बाप मंडळी पार्किंगमध्ये उभे होतो. मी अगदी सहज विषय काढल्यासारखं करून विषय काढला. समोरचे गृहस्थ म्हणाले, "अरे वा, आमच्या चिरंजीवांचीपण निवड झाली." तिसरे म्हणाले, "आमच्या दोघींची झाली." तिघांच्या शाळा वेगळ्या, सबर्ब वेगळे, पत्र मात्र शब्दशः तेच. तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. मला वाटलं, आपली मराठी मुलं हुशारच!

ट्यूब पेटली ती कन्येची. सोमवारी शाळेतून आल्यावर तिने सांगितलं की वर्गातल्या सगळ्यांना पत्र आलंय. तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाने, बाईंनी लिहायलाच लावलं म्हणून, मधल्या सुट्टीत काय खाल्लं याची चार ओळींची यादी दिली होती. त्याचीही निवड झाली होती. मग तिने मला विचारलं, "बाबा, मग सिलेक्ट म्हणजे काय?"

सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडायला हवा होता. आम्ही रोज 'सिलेक्ट' लिहितो. त्याला अट जोडली नाही तर टेबलातली सगळीच्या सगळी ओळ न् ओळ बाहेर येते, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. या निवडीला अटच नव्हती. निदान मला दिसेल अशी तरी नव्हती.

काही महिन्यांनी पुस्तकं आली. मी काही समीक्षक नाही, पण पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकावर मत द्यायचा अधिकार ग्राहकाला असतोच. म्हणून हे थोडंसं परीक्षण.

पुस्तक दिसायला जाडजूड आहे. मुखपृष्ठावर पेन्सिली, फुलपाखरं आणि इंद्रधनुष्य. आत पानाला तीन-चार कविता, बारीक टाइपात, एकीला चिकटून दुसरी. कवितेखाली मुलाचं नाव आणि शाळा. क्रम विषयानुसार नाही, वयानुसारही धड नाही. प्रस्तावना एका परिच्छेदाची, आणि ती कुठल्याही वर्षीच्या पुस्तकाला चालेल अशी. परीक्षक कोण, त्यांनी काय पाहून निवड केली, याबद्दल एक अक्षर नाही. चित्रं नाहीत. आमच्या कन्येची कविता शोधायला अनुक्रमणिका तीनदा पाहावी लागली. ती सापडली तेव्हा तिसऱ्या ओळीत तिने केलेली स्पेलिंगची चूक जशीच्या तशी छापलेली होती.

त्या चुकीवर मी बराच वेळ अडकलो. माझ्या दृष्टीने सगळ्या पुस्तकात तेवढाच एक पुरावा होता. कविता एखाद्या माणसाने मन लावून वाचली असती तर त्याने ती चूक दुरुस्त केली असती, किंवा मुद्दाम ठेवली असती तर तसं कळवलं असतं. दोन्ही झालं नव्हतं. फाइल आली, फाइल गेली.

एक मात्र कबूल करतो. पुस्तकात खरोखर चांगल्या कविता आहेत. दुष्काळात गुरं विकावी लागलेल्या शेतावरच्या एका मुलाची कविता आहे, ती मी बायकोला वाचून दाखवली. घरातल्या कुत्र्यावर एका मुलीने लिहिलेल्या सहा ओळी अजून आठवतात. पण त्या मुलाची कविता आणि मधल्या सुट्टीतल्या खाण्याची यादी शेजारी शेजारी, सारख्याच टाइपात. ज्याला खरंच लिहिता येतं त्याला "तुला येतंय हं" असं सांगायची ही संधी होती. ती संपादकाने घेतली नाही, कारण तिथे संपादकच नव्हता.

एक प्रत मी वाईला अण्णांकडे पाठवली. अण्णा, म्हणजे माझे वडील, चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. मला वाटलं नातीची कविता वाचतील, पुस्तक शोकेसमध्ये ठेवतील, आल्यागेल्याला दाखवतील. अण्णांनी डिक्शनरी घेऊन सगळं पुस्तक वाचलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पंधरा दिवसांनी फोन आला.

"पुस्तक वाचून झालं रे."

"सगळं?"

"सगळं. पण यात नापास कोणाला केलंय ते काही कळलं नाही."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अण्णा, लहान मुलं आहेत, नापास कशाला करायचं? प्रोत्साहन हो." त्यावर ते म्हणाले, "प्रोत्साहन मीही दिलं. पण वही तपासून दिलं. हिची कविता तपासली कोणी?"

जगातले माझे मोजके खरे वाचक कोण, तर ते वाईला राहतात, त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि त्यांच्याकडे लाल पेन आहे.

मग मी कन्सल्टंट लोक करतात ते केलं. एक्सेल उघडलं. खरे आकडे माझ्याकडे नाहीत, त्यामुळे हे सगळं 'समजा'च्या खात्यात धरा. समजा एका पुस्तकात एक हजार मुलं आहेत. त्यांतल्या चारांपैकी एकाच घराने एकेक प्रत घेतली, चाळीस डॉलरने. म्हणजे दहा हजार डॉलर. आता खर्च बघा. लेखकांना मानधन शून्य. संपादन जवळजवळ शून्य. जाहिरात शून्य, कारण ती शाळा फुकट करते आणि वितरण दप्तरातून होतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मागणी आधी नोंदवून पैसे आधी घेतलेले, त्यामुळे न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे गोदामात पडून राहण्याची भीती नाही. पुण्यातला एखादा प्रामाणिक प्रकाशक हे ऐकून हेव्याने रडेल. त्याला कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती खपवायला अनेक वर्षं लागतात, कारण त्याला अनोळखी वाचक शोधावे लागतात. इथे ज्यांनी लिहिलं त्यांचेच आईबाप गिऱ्हाईक. असं असेल तर जेवढी मुलं जास्त निवडली जातील तेवढी गिऱ्हाइकं जास्त. मग कोणाला नाकारायचं कशासाठी?

हा धंदा नवा नाही आणि फक्त मुलांपुरताही नाही. अमेरिकेत मेरीलँडमध्ये 'इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ पोएट्री' नावाची एक संस्था होती. पोएट्री डॉट कॉम ही तिचीच वेबसाइट. नावात लायब्ररी असली तरी ती खासगी कंपनी होती. कविता पाठवली की तुम्ही उपांत्य फेरीत पोचल्याचं पत्र यायचं आणि मागोमाग महागड्या संग्रहाची मागणी नोंदवायचं आमंत्रण. मग काही खट्याळ लोकांनी मुद्दाम अर्थहीन कविता पाठवून बघितल्या. त्यांचीही निवड झाली. एकाने 'वर्गल फ्लॉम्प' असं टोपणनाव घेऊन निव्वळ बडबड पाठवली होती. पुढे 'विनिंग रायटर्स' या संस्थेने त्याच नावाने विनोदी कवितांची खरी स्पर्धा सुरू केली. पोएट्री डॉट कॉम २००९ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेली. इटालियन लेखक उंबेर्तो एको यांच्या 'फूकोज पेंड्युलम' या १९८८ च्या कादंबरीत तर असा एक प्रकाशकच आहे, जो हौशी लेखकांकडून पैसे घेऊन त्यांचीच पुस्तकं त्यांनाच विकतो. म्हणजे हा खेळ साहित्यात अमर होण्याइतका जुना आहे.

आणि "हे गोरे लोक असेच" म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. आपल्याकडे 'प्रातिनिधिक काव्यसंग्रह' निघतात, ज्यात 'सहभाग शुल्क' भरलं की कविता, फोटो, परिचय आणि वर सन्मानपत्र मिळतं. माझ्या एका काकांच्या दिवाणखान्यात अशी चार सन्मानपत्रं आहेत. काकांना ते ठाऊक आहे, शुल्क त्यांनी स्वतः भरलंय, आणि त्यात त्यांना आनंद आहे. मोठ्या माणसाने स्वतःच्या हौसेला मोल मोजलं तर आपण कोण बोलणार? नऊ वर्षांच्या मुलीला मात्र कोणी विचारलेलं नसतं. तिच्या आनंदाचं बिल तिच्या आईबापाच्या नावाने येतं, आणि तेही शाळेच्या विश्वासाच्या पाकिटातून.

आता त्या नॅशनल लायब्ररीबद्दल. पत्रातलं ते वाक्य शंभर टक्के खरं आहे. फक्त त्यामागची गोष्ट सांगितलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९६८ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने नॅशनल लायब्ररीकडे जमा करावीच लागते. त्याला 'लीगल डिपॉझिट' म्हणतात. राज्यांच्या ग्रंथालयांसाठीही असे नियम आहेत. २०१६ पासून डिजिटल प्रकाशनंही त्यात आली. कादंबरी असो, पाककृतींचं पुस्तक असो की क्रिकेट क्लबचा वार्षिक अंक, सगळ्यांना तोच नियम. मंडळी, आपल्या मंडळाची ही स्मरणिकासुद्धा त्यात येते! म्हणजे तुमच्या हातातला हा लेख आणि मागच्या पानावरची मसाल्यांची जाहिरात यांनाही कॅनबेरात तोच बहुमान आहे. पुस्तकाला आयएसबीएन असणं ही दुसरी फुशारकी. तो क्रमांक कोणीही प्रकाशक पैसे भरून घेऊ शकतो. तो पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे.

हे बेकायदेशीर आहे का? माझ्या समजुतीप्रमाणे, बहुतेक वेळा नाही. १ जानेवारी २०११ पासून इथे 'ऑस्ट्रेलियन कंझ्युमर लॉ' लागू आहे आणि धंद्यात दिशाभूल करणाऱ्या वागणुकीला त्यात मनाई आहे. पण पैसे भरले तर पुस्तक येतं. बक्षिसं असतात आणि कोणाला तरी मिळतात. 'खरेदी ऐच्छिक आहे' असं कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. कोणी पैसे घेऊन पुस्तकच दिलं नाही तर व्हिक्टोरियात कन्झ्युमर अफेअर्स आणि सिडनीकडच्यांना फेअर ट्रेडिंग आहे. माझी तक्रार कायद्याची नाहीच. एका खऱ्या शब्दाचा, 'निवड' या शब्दाचा, अर्थ काढून घेऊन तो रिकामा शब्द माझ्या मुलीला बक्षीस म्हणून दिला, ही माझी तक्रार आहे.

दुसरी बाजूही ऐकायला हवी म्हणून मी पालक-शिक्षक भेटीत तिच्या बाईंना विचारलं. बाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या की या स्पर्धांबरोबर वर्गात शिकवायचं साहित्य फुकट येतं, आणि जी मुलं एरवी पेन्सिल हातात धरत नाहीत तीसुद्धा 'आपली कविता खरंच पाठवणार आहेत' म्हटल्यावर लिहितात. तो मधल्या सुट्टीतल्या खाण्यावर लिहिणारा मुलगा? त्याने त्या वर्षी आपणहून लिहिलेल्या पहिल्याच चार ओळी होत्या त्या. आपलं नाव छापलेलं पाहून तो आठवडाभर वर्गात ताठ मानेने हिंडत होता.

हे ऐकून मी गप्प झालो. त्या मुलाची मी पार्किंगमध्ये टिंगल केली होती. बाईंचं म्हणणं मला पटलं, अजूनही पटतं. पण घरी गाडी चालवताना वाटलं, मग तेवढंच पत्रात लिहा ना. 'तुमच्या मुलाने कविता लिहिली, आम्ही सगळ्यांच्या कविता छापतो आहोत, हवं असेल तर पुस्तक घ्या.' इतकं सरळ पत्र आलं असतं तरी मी एक प्रत घेतलीच असती. फक्त तीन घेतल्या नसत्या. त्या दोन प्रतींचा फरक म्हणजेच 'निवड' या शब्दाची किंमत.

आणि एक गोष्ट बाईंनाही ठाऊक नव्हती. आमच्या कन्येच्या वर्गात एक मुलगी आहे, आई एकटी, दोन नोकऱ्या करणारी. त्या घराने पुस्तक घेतलं नाही. पुस्तकं वर्गात वाटली गेली त्या दिवशी कोणाच्या हातात पाकीट आलं आणि कोणाच्या नाही हे सगळ्या मुलांनी पाहिलं. ऐच्छिक खरेदी म्हणतात ती ही. नाही म्हणायची मुभा बापाला असते, वर्गात बसावं लागतं ते पोराला.

आपल्या लोकांत याला आणखी एक पदर आहे. आपण शिक्षणावर पैसा खर्च करायला कचरत नाही. आपल्याला प्रमाणपत्र दिसलं की ते फाइलला लावायचा हात शिवशिवतो. एका स्नेह्यांनी मला सांगितलं, "राहू दे रे, सिलेक्टिव्ह स्कूलला उपयोगी पडेल." मेलबर्न हाय, मॅक रॉबर्टसन, नॉसल आणि सुझान कोरी या चार शाळांचा प्रवेश मुख्यतः प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर होतो. त्या परीक्षेत लेखनही असतं, पण तिथे दिलेल्या विषयावर, घड्याळ लावून, स्वतः बसून लिहावं लागतं. संग्रहात छापून आलेल्या आठ ओळी तिथे कोणी विचारत नाही.

मग मुलांनी लिहूच नये का? उलट, भरपूर लिहावं. न्यू साउथ वेल्समधल्या गनेडा या गावी डोरोथिया मॅकेलर या कवयित्रीच्या नावाने शाळकरी मुलांसाठी काव्यस्पर्धा १९८४ साली सुरू झाली. सबंध देशातून कविता येतात आणि विजेते मोजकेच असतात. म्हणजे तिथे हरता येतं. व्हिक्टोरियात २००५ साली सुरू झालेलं 'प्रीमियर्स रीडिंग चॅलेंज' आहे, तिसरीपासून दहावीपर्यंतच्या मुलांनी पंधरा पुस्तकं वाचायची. त्याचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि त्यावर खोटं काही नसतं. पंधरा वाचली, इतकंच. मराठीत वा. गो. आपट्यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक काढलं, बालभारतीने १९७१ साली 'किशोर' सुरू केलं. आमच्या लहानपणी 'किशोर'मध्ये आपलं काही छापून यावं म्हणून आम्ही पोस्टकार्डं पाठवायचो. माझं कधीच आलं नाही. अण्णा म्हणायचे, "अजून लिही." आज वाटतं, त्या न छापल्या जाण्यामुळेच छापल्या जाण्याला किंमत होती.

पुढच्या वेळी असं पाकीट दप्तरातून निघालं तर एवढं विचारा. किती प्रवेशिका आल्या आणि किती नाकारल्या? परीक्षकांची नावं काय? मूल पहिलं आलं आणि तुम्ही पुस्तक घेतलं नाही, तर त्याला एक प्रत फुकट मिळते का? परवानगीच्या कागदावर सही करून तुम्ही नेमके कोणते हक्क देता आहात? कविता लिहिल्याक्षणी तिचा कॉपीराइट मुलाचा असतो, त्यासाठी कुठे नोंदणी लागत नाही. आणि मुलाचं पूर्ण नाव शाळेच्या नावासकट छापलेलं तुम्हाला चालणार आहे का? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर खुशाल सही करा, आणि प्रतही घ्या. उत्तरं मिळाली नाहीत तर तेवढ्याच पैशात मुलाच्या वर्षभराच्या सगळ्या कविता घरी टाइप करून, त्यानेच काढलेल्या चित्रांसकट, ऑफिसवर्क्समधून स्पायरल बांधणी करून घ्या. तीन प्रती होतील. एक आजीला, एक आजोबांना, एक घरी.

आता शेवटचं, आणि हे लिहिण्यासाठीच खरं तर मी संपादकांना फोन केला.

इतकी टीका केल्यावर मी आपल्या स्मरणिकेचे जुने अंक काढून बसलो. आपणही मुलांचं सगळं छापतो. कोणालाही नाकारत नाही. मग त्या कंपनीत आणि आपल्यात फरक काय? एक फरक आहे, आपण निवडीचा आव आणत नाही आणि अंकाचे वेगळे पैसे मागत नाही. पण 'बालविभाग' वाचत गेलो तसा मी अस्वस्थ झालो. आठ वर्षांची मुलं 'आपल्या संस्कृतीचा समृद्ध वारसा' जपायला निघालेली. दहा वर्षांचा मुलगा 'मातृभाषेचे ऋण' फेडतोय. एकाही लेखात एकही चूक नाही. मंडळी, ज्या मुलांना घरी 'मला पाणी पाहिजे'च्या पुढे मराठीत वाक्य नेताना घाम फुटतो, त्यांनी हे लिहिलं? दोन वर्षांपूर्वी 'माझी आजी' हा लेख आमच्या कन्येच्या नावाने छापून आला होता. तो मी लिहिला होता. तिने तीन वाक्यं सांगितली होती, उरलेली सदतीस माझी. तुम्ही अनेकांनी गणेशोत्सवात तिचं कौतुक केलंत. ती माझ्याकडे बघत होती आणि मी दुसरीकडे.

तेव्हा मी तिला जे दिलं ते त्या पांढऱ्या पाकिटापेक्षा फार वेगळं नव्हतं. त्या कंपनीने निदान तिची चूक तरी तिची म्हणून छापली.

म्हणून संपादक मंडळाला एक विनंती. यंदापासून मुलांचं लेखन जसं येईल तसं, त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीत छापा. चार ओळी असतील तर चारच. 'माझी आजी भाकरी करते आणि हात भाजत नाही' एवढं एकच वाक्य आलं तरी चालेल, फक्त ते मुलाचं असू द्या. आणि प्रत्येक मुलाला मंडळातल्या एका मोठ्या माणसाने, लेखन खरंच वाचून, दोन ओळींचं उत्तर लिहावं. काय आवडलं आणि पुढच्या वेळी काय करून बघशील. मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, इथे नातवंडांसाठी सहा-सहा महिने येऊन राहणारे आजी-आजोबा आहेत, ज्यांना दिवसभर काय करावं हा प्रश्न पडलेला असतो. दहा जण हात वर करतील. पहिलं नाव माझं धरा.

आमच्या घरी आता अशी पद्धत आहे. कन्या लिहिते, मी फोटो काढून वाईला पाठवतो. दोन दिवसांनी अण्णांनी छापून घेतलेल्या कागदाचा फोटो परत येतो, लाल शाईने रंगलेला. पहिल्यांदा ती रडली. "आजोबांना माझी पोएम आवडलीच नाही." मी तिला खालची ओळ वाचून दाखवली, कारण अण्णांचं जोडाक्षरी मराठी तिला वाचता येत नव्हतं. शेवटच्या कडव्याच्या शेजारी त्यांनी लिहिलं होतं, 'ही ओळ छान. ही तुझी आहे. बाकीच्याही तुझ्या कर.'

तिने ती कविता तीनदा परत लिहिली. चौथा खर्डा अजून वाईला जायचा आहे. आणि हो, या अंकाच्या बालविभागात तिचं मराठीतलं लेखन आहे. पाच वाक्यांचं, त्यात चार चुका आहेत. मी हात लावलेला नाही.